कार्यक्रम कमी, बैठका जास्त

आपल्याकडे लिहिणाऱ्यांचे गट निघतात भरपूर. तालुक्याच्या गावी निघतात, विद्यापीठाच्या हॉस्टेलात निघतात, आणि आता हैदराबाद, बेंगळुरू, दिल्ली, सुरत अशा ठिकाणी नोकरी-शिक्षणासाठी गेलेल्या मराठी पोरापोरींचेही निघतात. नाव ठरतं, व्हॉट्सअॅप ग्रुप तयार होतो, लोगोत पेन येतं, उगवता सूर्य येतो. मग नियोजनाची पहिली बैठक होते. अशा चार-पाच बैठकांना मी बसलोय आणि थोड्याफार फरकानं सगळीकडे तेच ऐकलंय. उद्घाटक कोण? हॉल कुठला? बॅनरवर कुणाकुणाचे फोटो आणि कुठल्या क्रमानं? स्मृतिचिन्ह द्यायचं की पुस्तक? जेवण की नुसता अल्पोपाहार? दोन तास यात जातात. त्या दोन तासांत एकदाही कुणी कुणाला विचारत नाही की, बाबा रे, तू सध्या काय लिहितोयस?

पुढे कार्यक्रम होतो. पाहुणे दीड तास उशिरा येतात, स्वागत-सत्कारात आणखी तास जातो, आणि ज्यांच्यासाठी गट काढला ते नवे कवी शेवटी तीन-तीन मिनिटांत उरकले जातात. चौथ्या मिनिटाला सूत्रसंचालकाची चिठ्ठी येते. फोटो ग्रुपवर पडतात, अभिनंदनाचे अंगठे येतात, आणि गट झोपतो तो थेट पुढच्या एप्रिलात उठतो.

माझं म्हणणं साधं आहे. आपल्या गटांनी एक-दोन वर्षं कार्यक्रम जवळजवळ बंद करावेत आणि दर महिन्याला नेमानं बसावं. बसावं म्हणजे एकमेकांचं कच्चं लिखाण वाचावं. गटाचं पहिलं काम तेच आहे. बाकी सगळं त्यानंतर.

हे आपल्यासाठी जास्त गरजेचं का, तेही सांगतो. ज्या घरात तीन पिढ्या पुस्तकं आहेत, तिथल्या मुलाला पहिला वाचक फुकट मिळतो. आत्या मराठीची प्राध्यापक असते, वडिलांचे मित्र दिवाळी अंक काढत असतात. मूल काहीबाही लिहितं, कुणीतरी दोन ओळी खोडतं, कुणीतरी म्हणतं ‘हे पुन्हा लिही’. विशीत येईपर्यंत त्याचे कितीतरी खर्डे खोडून-फाडून झालेले असतात. त्यातून जो हात तयार होतो त्याला पुढे लोक प्रतिभा म्हणतात. आपल्या आईबापांना आपण लिहितो याचं कौतुक असतं, अगदी उर भरून कौतुक असतं. पण ‘इथं तू घाई केलीस, इथं तुला खरं सांगायचं होतं ते तू टाळलंस’ हे सांगायला घरात कुणी नसतं. कॉलेजात सर-मॅडम वाचतात ते मार्कांपुरतं. पदवी हातात पडली की तोही वाचक संपला. घराण्यातली पहिली पदवी घेणारी कितीतरी मुलंमुली चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी लिहिणं सोडतात, आणि त्याचं खापर नोकरीवर फोडलं जातं. नोकरी असतेच. पण वाट बघणारा एक जरी वाचक असेल, तर माणूस लोकलमध्ये उभ्यानं मोबाईलवर लिहितो.

बाबासाहेबांच्या आयुष्यातल्या दोन सभा यासंदर्भात शेजारी ठेवून बघाव्यात असं मला नेहमी वाटतं. पहिली न्यूयॉर्कची. ९ मे १९१६, कोलंबिया विद्यापीठ, गोल्डनवायझर या मानववंशशास्त्राच्या प्राध्यापकांचा सेमिनार. पंचविशीतल्या भीमरावांनी तिथं भारतातल्या जातींवरचा आपला निबंध वाचला. ना उद्घाटक, ना हार. ऐकायला बसलेली अभ्यासू माणसं आणि मजकूर. पुढच्या वर्षी, १९१७ मध्ये, तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला.

दुसरी सभा झालीच नाही. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळानं त्यांना वार्षिक अधिवेशनाचं अध्यक्षपद दिलं. भाषणाचा मजकूर आधी बघितला, त्यात धर्मग्रंथांवर जे होतं ते मंडळींना पचेना, बदल सुचवले गेले. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही हलवायला नकार दिला. अधिवेशन रद्द झालं. त्यांनी स्वखर्चानं पंधराशे प्रती छापल्या आणि ‘जातिसंस्थेचं उच्चाटन’ हे न झालेलं भाषण पुस्तिका म्हणून लोकांपुढे ठेवलं.

दोन्हीकडे मजकूर दुसऱ्यांच्या हातात गेला. पण न्यूयॉर्कमध्ये तो समजून घ्यायला गेला आणि लाहोरमध्ये परवानगी द्यायची की नाही हे ठरवायला. आपले गट यातली कुठली सभा भरवतात हे नियोजनाच्या पहिल्या बैठकीतच कळतं. ज्या दिवशी स्वागताध्यक्षाच्या शब्दावर हॉल, जेवण आणि बॅनर ठरतं, त्या दिवशी गट लाहोरच्या वाटेला लागलेला असतो. मग स्थानिक शिक्षणसंस्थेवरची कविता ‘आत्ता नको’ होते, कारण हॉल त्याच संस्थेचा असतो.

‘स्वल्पविराम बदलणार नाही’ हा किस्सा मात्र आपल्या पोरांच्या हातात भलत्याच ठिकाणी पडलाय. कवितेतली एक ढिली ओळ दाखवली की समोरून उत्तर येतं, ‘बाबासाहेबांनी कॉमा बदलला नव्हता.’ बरोबर, मंडळाच्या दबावाखाली बदलला नव्हता. पण १९३७ ला दुसरी आवृत्ती काढताना गांधींशी झालेला वाद त्यांनी पुस्तकाला जोडला. आणि १९४४ च्या आवृत्तीच्या प्रास्ताविकात ते सांगतात की १९१६ चा तो निबंध यात मिसळून सगळंच पुन्हा बांधायचा विचार होता, वेळ मिळाला नाही. अठ्ठावीस वर्षांनंतरही ज्याला आपला मजकूर पुन्हा बांधावासा वाटतो, त्या माणसाचं नाव घेऊन आपण पहिलाच खर्डा कवटाळून बसायचं?

संमेलनं-मेळाव्यांना माझा सरसकट विरोध नाही. १९५८ साली मुंबईत दलित साहित्य संमेलन भरलं, अण्णा भाऊ साठ्यांनी त्याचं उद्घाटन केलं, तेव्हा ‘आम्ही लिहितो’ हे मोठ्यानं सांगण्याची गरज होती. औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयाच्या आवारात जे वातावरण तयार झालं त्यातून ‘अस्मिता’ आणि पुढे गंगाधर पानतावण्यांचं ‘अस्मितादर्श’ निघालं, त्याचे मेळावेही भरले. पण तिथं मेळाव्याच्या मागे एक नियतकालिक होतं, म्हणजे वर्षभर मजकूर येत होता, वाचला जात होता, निवडला जात होता. आपण नेमका मेळावा उचलला आणि वर्षभराचं काम सोडून दिलं. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली रानड्यांकडून आलेलं ग्रंथकार सभेचं निमंत्रण धुडकावलं, ते पत्र आपण अभिमानानं फॉरवर्ड करतो. आणि त्याच सभेच्या परंपरेतून वाढलेला संमेलनाचा साचा, शालीसकट, आपल्या मांडवात आणून बसवतो. गंमतच आहे.

आता बसायचं कसं, यावर जरा सविस्तर बोलतो, कारण गट विचारधारेवरून जितके फुटतात त्याहून जास्त वेळ आणि जागा यांवरून विझतात.

मी ज्या गटात आहे तो हैदराबादचा. नांदेड, लातूर, यवतमाळ, आदिलाबाद इकडची माणसं. कुणी पीएचडी करतंय, कुणी औषध कंपनीत आहे, एक ताई खाजगी हॉस्पिटलात नर्स आहेत, एक जण रात्रपाळीचा सुपरवायझर. सुरुवातीला सगळ्यांनी एकमतानं रविवार सकाळ ठरवली. एकमत झालं, कारण त्या बैठकीला बाया नव्हत्या. बाईचा रविवार हा आठवड्यातला सगळ्यात कामाचा दिवस असतो: धुणं, दळण, मटण, पाहुणे. नर्सचा तर रविवार असा काही असतच नाही. आता आम्ही दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी पाच ते सात बसतो आणि सातला उठतो म्हणजे उठतोच, कारण लांबच्यांना बस गाठायची असते. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी महिन्यातून एकदा रात्री साडेनऊला ऑनलाइन. वेळ ठरवताना आधी सगळ्यात कमी मोकळीक असलेल्या माणसाला विचारायचं, एवढा एकच नियम केला, तर अर्धं काम होतं.

जागेचंही तसंच. विहार आपलं आहे, फुकट आहे, पंखे आहेत, म्हणून बहुतेक गट तिथं बसतात. चांगलं आहे. पण नेहमी तिथंच बसलात तर हळूहळू गट एकाच जातीचा होतो, आणि तो तसा झाल्याचं आतल्यांच्या लक्षातही येत नाही. मातंग मित्र, चर्मकार मैत्रीण, वडार, बंजारा, पारधी, आदिवासी, पसमांदा मुस्लिम, कुणबी-माळ्यांची वाचणारी पोरं येतात, एकदा-दोनदा बसतात, आणि मग ‘काम आहे’ म्हणतात. जातिअंताचा गट एका जातीचा असणं ही साधी बाब नाही. त्यामुळे जागा फिरती ठेवावी. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली मान्यता मिळालेली अ, ब, क, ड वर्गांची सार्वजनिक ग्रंथालयं गावोगाव आहेत. त्यांना सरकारी अनुदान मिळतं, म्हणजे आपल्या करातूनच. महिन्यातून दोन तास वाचनकक्ष मिळावा असा लेखी अर्ज द्या, तोंडी विनंती नको. नकार आला तर तोही लेखी मागा.

आणि कुणाच्या घरी बसणार असाल तर चहाचं आधी ठरवा. स्त्रीमुक्तीवरची कविता वाचली जातेय आणि यजमानाची बायको आतून तिसऱ्यांदा चहा घेऊन येतेय, हे दृश्य मी पाहिलंय. तिनं दारात उभं राहून चार ओळी ऐकल्या आणि गॅसवर दूध आहे म्हणून गेली. ती बी.ए. होती. चहा बाहेरून मागवा, किंवा पुरुषांनी करा, किंवा पिऊच नका. लहान मुलं घेऊन यायला मुभा ठेवा आणि ती सांभाळायची पाळी लावा. पाळीच्या यादीत बापांची नावं आधी.

प्रत्यक्ष बैठकीत दोनच मजकूर. तीन घेतले की तिसऱ्यावर अन्याय होतो. चार दिवस आधी ग्रुपवर टाकायचे, पण सगळ्यांनी वाचून येण्याची अट घालायची नाही, कारण पाळीवरून येणाऱ्याला ती जमत नाही. म्हणून लिहिणाऱ्यानं आधी मोठ्यानं वाचायचं. आपली परंपरा जलशांची, शाहिरीची, जात्यावरच्या ओव्यांची आहे; कानाला खटकलेलं आपल्या माणसांना लगेच कळतं. वाचून झालं की लिहिणाऱ्यानं वीस मिनिटं गप्प बसायचं. हे फार जड जातं. ‘मला असं म्हणायचं होतं’ हे वाक्य तोंडावर येतं, ते गिळावं लागतं. पण छापून आल्यावर आपण वाचकाच्या शेजारी समजावून सांगायला बसणार नसतो.

ऐकणाऱ्यांनी सुरुवात मतानं करू नये. मला काय समजलं, कुठं डोळ्यासमोर उभं राहिलं, कुठं मी हरवलो, एवढंच सांगावं. आमच्याकडे काही शब्दांना बंदी आहे. ‘छान’, ‘अप्रतिम’, ‘वेदना पोहोचली’, ‘जबरदस्त, सर’. यातून लिहिणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी ‘विहिरीवरच्या प्रसंगात किती जण होते ते कळलं नाही’ हे वाक्य सोन्याचं आहे. नर्स ताईंनी रात्रपाळीवर लिहिलेल्या लेखाचा पहिला खर्डा सगळा सेवाभाव आणि माणुसकीबद्दल होता. कुणीतरी विचारलं, ‘ताई, रात्री तीन वाजता तुम्ही नेमकं काय करता?’ पुढच्या महिन्यात त्या जो खर्डा घेऊन आल्या त्यात वॉर्डातली माणसं आडनावावरून ड्युट्या कशा वाटतात, मृतदेह गुंडाळायला कुणाला हाक मारली जाते, हे सगळं होतं. माणुसकी हा शब्द त्यात एकदाही नव्हता.

शुद्धलेखनावरून प्रत्येक गटात भांडण होतं, त्यामुळे माझी बाजू सांगून टाकतो. काही साथी म्हणतात, ऱ्हस्व-दीर्घ हे ब्राह्मणी खूळ आहे, आम्ही लिहू तसं लिहू. त्यांचा राग खरा आहे. ‘न’ आणि ‘ण’ वरून वर्गात हसलं गेलेलं कुणी विसरत नाही. पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आईच्या तोंडची वऱ्हाडी, मराठवाडी, अहिराणी, गोरमाटी ही भाषा आहे, चूक नाही. तिला कुणी हात लावायचा नाही. लेखकाच्या स्वतःच्या निवेदनात मात्र नियम शिकून घ्यावेत, कारण संपादकाला लेख न वाचताच बाजूला ठेवायला तेवढं निमित्त पुरतं. ते निमित्त त्याला द्यायचंच कशाला? फक्त हे काम सगळ्यात शेवटी करायचं, खर्डा तिसऱ्यांदा लिहून झाल्यावर, अर्ध्या तासात, जाणत्यानं शेजारी बसून. पहिल्याच वाचनाला लाल पेन काढणाऱ्या माणसाला आमच्या गटात पेन खिशात ठेवायला सांगतात.

लिहायचं कशावर, हाही नियोजनाचाच भाग आहे. बाहेरच्या जगाला आपल्याकडून एकच माल हवा असतो: दुःख, तेही पहिल्या पुरुषी एकवचनात. आत्मकथनानं मराठीला जे दिलं ते मोठंच आहे, पण प्रत्येक बावीस वर्षांच्या मुलाकडून आत्मकथेचीच अपेक्षा का? आपल्यात भूजलावर पीएचडी करणारी मुलगी आहे, बँकेत कर्जवाटप बघणारा मुलगा आहे, जिल्हा न्यायालयात अॅट्रॉसिटीच्या केसेस चालवणारी वकील आहे. त्यांनी आपापल्या कामावर लिहावं. सिनेमावर, क्रिकेटवर, शेअर बाजारावर लिहावं. रोहित वेमुलाला कार्ल सेगनसारखं विज्ञानावर लिहायचं होतं. देशानं त्याचं पहिल्यांदा वाचलं ते १७ जानेवारी २०१६ चं शेवटचं पत्र. तो आधीही लिहीत होता, फेसबुकवर, मित्रांत. पण बहुतेकांनी ते मागाहून शोधून वाचलं. हे मला विसरता येत नाही, आणि बैठकीला दांडी मारावीशी वाटते तेव्हा हेच आठवतं.

एक काम मात्र प्रत्येक गटानं यादीत वरच घ्यावं, कारण त्याला मुदत आहे. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा १९७८ ते १९९४ असा सोळा वर्षं चालला. त्यातली तेव्हाची तरुण माणसं आज साठी-सत्तरी ओलांडलेली आहेत. ज्यांची घरं जळाली, जी तुरुंगात गेली, ज्या बायांनी रात्रीतून पोरं घेऊन गाव सोडलं, त्यांच्यापैकी किती जणांचं म्हणणं कुठं नोंदलंय? ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा इतिहास १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ म्हणून पुढे आणला, तो वृद्ध बायांना शोधून, त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्याशी बोलून. कारण कागदावर त्यांची नावंच नव्हती. तसं काम आज मोबाईलवर होतं. दोन महिन्यांतून एक माणूस, दोघांनी जायचं, आवाज रेकॉर्ड करायचा, त्यांची परवानगी त्याच रेकॉर्डिंगमध्ये घ्यायची, आणि उतरवून काढलेला मजकूर आधी त्यांना वाचून दाखवायचा.

याच कारणानं बैठकीची वही ठेवायला मी भांडत असतो. तारीख, कोण आलं, काय वाचलं, काय सुचवलं. दर वेळी नवा माणूस लिहील. व्हॉट्सअॅपवरचं सगळं फोन बदलला की जातं. आपल्या कितीतरी संघटना अशाच गेल्या, पाठीमागे एक बॅनर आणि दोन पावतीपुस्तकं ठेवून.

वहीत काय लिहायचं नाही, तेही ठरवावं लागतं. कच्चं लिखाण म्हणजे विश्वासानं समोर ठेवलेली गोष्ट. त्याचा स्क्रीनशॉट बाहेर गेला की ती व्यक्ती पुन्हा लिहीत नाही. मुलगी असेल तर गावापर्यंत बोभाटा होतो. बेबीताई कांबळे फलटणला दुकानात बसून घरच्यांपासून लपवून लिहीत होत्या, त्या वह्या कित्येक वर्षं बाहेर आल्या नाहीत आणि ‘जिणं आमुचं’ पुस्तक होऊन आलं ते १९८६ साली. आजही आपल्या गटांतल्या किती जणी पासवर्ड लावलेल्या नोट्समध्ये लिहितात ते विचारून बघा, म्हणजे विचारण्याइतका विश्वास कमावला असेल तर. म्हणून आमच्याकडे नियम कडक आहे: मजकूर पुढे पाठवला तर गटाबाहेर. आणि एखाद्या ज्येष्ठ कवीनं नव्या मुलीला ‘कवितेवर चर्चा करू’ म्हणून रात्री अकराला फोन करायला सुरुवात केली, तर त्याचं ज्येष्ठत्व बघायचं नाही. तक्रार कुणाकडे करायची ती दोन नावं, त्यातलं किमान एक बाईचं, पहिल्याच बैठकीत जाहीर करून टाकायची. चळवळीची बदनामी होईल म्हणून अशा गोष्टी दाबल्या जातात, आणि मुली गुपचूप गट सोडतात. बदनामी खरी तिथं आहे.

घरच्यांबद्दल लिहिताना काय करायचं, यावर आमच्यात अजून एकमत नाही. दारू पिणारा बाप, मारहाण, आईनं केलेली कामं. हे आपलं आयुष्य आहे, पण ते त्यांचंही आहे. ‘बलुतं’ १९७८ मध्ये आलं तेव्हा आपल्याच लोकांचाही रोष दया पवारांनी ओढवून घेतला होता. मी स्वतः या मताचा आहे की जिवंत आईबद्दलचा मजकूर छापण्याआधी तिला वाचून दाखवावा. काही मित्रांना हे लेखकाच्या स्वातंत्र्यावर बंधन वाटतं. वाटो. जिला वाचता येत नाही तिच्याबद्दल तिच्या पाठीमागे छापणं मला झेपत नाही.

पैशाचं थोडक्यात. महिन्याला पन्नास रुपये, विद्यार्थ्यांना माफ, हिशेब वहीत. नगरसेवकाचा, बिल्डरचा, बदलीसाठी वशिला हवा असलेल्या अधिकाऱ्याचा पैसा नको. विद्रोही साहित्य संमेलनाची मंडळी एक मूठ धान्य आणि एक रुपया मागत घरोघर फिरली. आपल्याला तर संमेलनही भरवायचं नाहीये. नोंदणीची घाई करू नका. १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवायला सात माणसं लागतात, आणि ती सात झाली की अध्यक्ष कोण यावर आठवं भांडण सुरू होतं. वर्षाअखेरीस जे तीनदा लिहून पक्कं झालंय तेवढंच छापा, मग ते चाळीस पानांचं का असेना. नियतकालिक काढायचं तर १ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याप्रमाणे नोंदणी करावी लागते; एकदाच निघणाऱ्या संग्रहाला, म्हणजे पुस्तकाला, ती लागत नाही, आणि आयएसबीएन क्रमांक आपल्या देशात फुकट मिळतो. विक्रीची चिंता तर आपण करूच नये. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकं घेण्यासाठी जशी गर्दी होते, तशी किती संमेलनांना होते?

महाराष्ट्राबाहेरच्या गटांना आणखी एक संधी आहे, ती बहुतेक जण वाया घालवतात. हैदराबादेत राहून आम्ही पहिली दोन वर्षं फक्त मराठीतच बसलो. शेजारी तेलुगूत कारमचेडू, १९८५ आणि चुंडूर, १९९१ या हत्याकांडांनंतर उसळलेली आख्खी दलित कविता होती, आणि आम्हाला पुण्यातल्या पुरस्कारांची चिंता! आता दर तीन महिन्यांनी एक बैठक दोन भाषांची असते. त्यांची एक कविता, आमची एक, मधे तोडकीमोडकी हिंदी आणि आदिलाबादचा एक मित्र, ज्याला दोन्ही भाषा येतात. एका तेलुगू ओळीवर चाळीस मिनिटं गेली, कारण तिच्यातल्या चामड्याच्या कामाच्या एका शब्दाला प्रमाण मराठीत शब्दच सापडेना. शेवटी तो सापडला लातूरच्या एका मुलाच्या आजोबांकडे, फोनवर. बेंगळुरूत, सुरतेत, कोलकात्यात राहणाऱ्यांनाही हे करता येईल. कन्नड, गुजराती, बंगालीत आपली माणसं लिहितायत आणि त्यांचे गटही आपल्यासारखेच हॉल शोधत फिरतायत.

एप्रिलचं नियोजन आत्ताच सुरू झालं असेल. जयंतीच्या मिरवणुकीत नाचावं, मीही नाचतो. पण साहित्यिक गटानं त्या आठवड्यात सत्कार ठेवण्यापेक्षा एक संध्याकाळ ‘जातिसंस्थेचं उच्चाटन’ पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचावं, पाळीपाळीनं, वस्तीतल्या ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासमोर. १ ऑगस्टला अण्णा भाऊंची एक आख्खी कथा, त्यांच्यावरचं भाषण नव्हे. ३ जानेवारीला, सावित्रीमाईंच्या जयंतीला, फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्तानं मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध, जो १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त छापून आला, शाळकरी मुलीनं लिहिलाय, म्हणून शाळकरी मुलींकडूनच वाचून घ्यावा. पाहुणा लागत नाही. माइकही लागत नाही, खोली लहान असेल तर.

आमची या महिन्याची बैठक येत्या शनिवारी आहे. दोन मजकूर आलेत: नर्स ताईंचा तिसरा खर्डा आणि रात्रपाळीच्या सुपरवायझरनं आयुष्यात पहिल्यांदा लिहिलेली दीड पानांची गोष्ट. ती त्यानं टाइप केलेली नाही, व्हॉट्सअॅपवर बोलून पाठवलीय, मागे गेटवरच्या ट्रकांचे आवाज आहेत. उतरवून घ्यायला अजून कुणीतरी हवंय.